ट्यूनलॅब: पेटी आणि पियानो लावणाऱ्याच्या किती कामाचे?

गेली एकवीस वर्षे मी अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या गावोगावच्या पेट्या (हार्मोनियम) दुरुस्त करतो आणि वर्षातून पाच-सहा वेळा पियानोही लावतो. पियानो आमच्या भागात बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, तेही जुन्या मिशनच्या आवारांत आणि एखाद-दुसऱ्या शाळेत. पेटी मात्र प्रत्येक गावात सापडते, कारण जिथे तुकडोजी महाराजांचे गुरुदेव सेवा मंडळ आहे तिथे खंजिरी आहे आणि खंजिरीच्या शेजारी पेटी आहे. ही सगळी कामे मी पूर्वी नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) आणि कान यांच्या भरवशावर करत असे. तीन वर्षांपूर्वी ट्यूनलॅब हे सॉफ्टवेअर घेतले आणि तेव्हापासून जवळपास प्रत्येक कामात ते वापरले. पियानोसाठी ते अतिशय मोलाचे आहे. पेटीसाठीही उपयोगी आहे, पण पेटीचे काम त्याच्याकडून करून घ्यायचे असेल तर त्याच्या काही सवयी आधी बंद कराव्या लागतात, आणि त्याविषयी मराठीत कोणी लिहिलेले मला आढळले नाही, म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे.

ट्यूनलॅब हे अमेरिकेतील रॉबर्ट स्कॉट यांनी व्यावसायिक पियानो ट्यूनरांसाठी तयार केलेले सॉफ्टवेअर असून ते विंडोजच्या लॅपटॉपवर आणि मोबाइलवरही चालते. कामाच्या वेळी त्याला इंटरनेट लागत नाही, सगळी गणिते यंत्रातच होतात, आणि ज्या गावात रेंज मिळवायला टाकीवर चढावे लागते तिथे ही फार मोठी सोय आहे. पडद्यावर पाहण्यासारख्या दोन गोष्टी असतात. एक आलेख असतो, ज्यात वाजलेल्या सुराचे शिखर मधल्या रेषेच्या किती डावीकडे वा उजवीकडे आहे ते दिसते. दुसरी एक सरकती पट्टी असते. सूर उतरलेला असेल तर ती डावीकडे सरकते, चढलेला असेल तर उजवीकडे, आणि सूर नेमका लागला की ती थांबते. ही सरकती पट्टी हेच या सॉफ्टवेअरचे खरे बळ आहे. गिटारसाठी मिळणाऱ्या फुकट अॅपमधला काटा पेटीच्या रीडवर, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी जिभेवर, सारखा उड्या मारतो. असल्याच एका अॅपवर विसंबून मी एकदा एक रीड इतके घासले की ते बदलावे लागले. पट्टीच्या बाबतीत तसे होत नाही. ती किती हळू सरकते आहे यावरून अर्ध्या सेंटचा फरकही डोळ्यांना कळतो, आणि डोक्यावर पंखा घरघरत असला तरी ती आपल्या सुरापासून ढळत नाही.

सेंट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. एका सप्तकाचे १२०० सेंट असतात आणि काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचे अंतर असते. कसलेल्या गवयाला चार-पाच सेंटचा फरक सहज खटकतो.

पियानोचे आधी सांगतो. गेल्या उन्हाळ्यात एका मिशनच्या आवारातला जुना उभा पियानो लावायचा होता. मधला ए हा स्वर ४४० ऐवजी ४३२ कंपनांवर बसला होता, म्हणजे सुमारे ३२ सेंट खाली. पियानोच्या ८८ पट्ट्यांमागे सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण अनेक टनांत जातो. त्यामुळे एका टोकापासून तारा वर ओढत दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत लाकडावरचा भार वाढतो आणि आधी लावलेल्या तारा पुन्हा उतरतात. कानाने काम करताना या एका कारणापायी मी एकेका पियानोला तीन-तीन फेऱ्या घालत असे. ट्यूनलॅब प्रत्येक तार ओढण्यापूर्वी ती किती उतरली आहे ते मोजते आणि त्या प्रमाणात किती जास्त ओढायची ते सांगते. हे प्रमाण साधारण पाव पट धरले, तर ३२ सेंट उतरलेली तार ८ सेंट वर नेऊन ठेवायची असते, म्हणजे बाकीच्या तारा चढेपर्यंत ती आपोआप जागेवर येते. त्या पियानोची पहिली फेरी पाऊण तासात आटोपली, आणि फेरी संपल्यावर मधले सप्तक तपासले तेव्हा बहुतेक स्वर दोन-तीन सेंटच्या आत होते. दुसऱ्या फेरीत बारीक काम करून मी सूर्य मावळायच्या आत घरी पोहोचलो. पूर्वी अशा पियानोला दोन दिवस लागत.

दुसरी गोष्ट सप्तक ताणण्याची. पियानोची तार ताठ असते, म्हणून तिचे उपस्वर (मूळ सुराबरोबर उमटणारे वरचे सूर) गणिताप्रमाणे दुप्पट, तिप्पट, चौपट येत नाहीत तर त्याहून थोडे चढे येतात. असा पियानो काटेकोर गणिताने लावला तर वरचे सप्तक कानाला उतरलेले वाटते. चांगला ट्यूनर म्हणून वरचे स्वर थोडे वर आणि खर्जाचे थोडे खाली ठेवतो, आणि अगदी टोकाला हा फरक वीस-तीस सेंटपर्यंत जातो. उपस्वरांची ही चढण प्रत्येक पियानोची वेगळी असते. ट्यूनलॅब पाच-सहा तारा ऐकून ती मोजते आणि त्या विशिष्ट पियानोत कोणता स्वर किती वर-खाली ठेवायचा याची वक्ररेषा काढून देते. कानाने हे जमायला मला कित्येक वर्षे लागली, आणि आजही खर्जात माझी खात्री कमी पडते. तिथे मी बिनदिक्कत यंत्राचे ऐकतो.

पेटीच्या बाबतीत मात्र हाच गुण घातक ठरतो. पेटीचे रीड म्हणजे हवेने थरथरणारी पितळेची जीभ. हवा सुरू असेपर्यंत तिची थरथर एकाच ठेक्याने चालू राहते, त्यामुळे तिचे उपस्वर नेमके दुप्पट-तिप्पटच येतात आणि सप्तक ताणण्याचे कारणच उरत नाही. पहिल्याच महिन्यात मी एका मंडळाची पेटी पियानोच्या वक्ररेषेवर लावली. एकेक रीड पडद्यावर स्वच्छ दिसत होते, पण खर्ज आणि नर (पेटीतले एका सप्तकाच्या अंतराचे दोन रीडसंच) एकत्र वाजवले की प्रत्येक पट्टीवर सूर हेलकावे खात होता. सगळी पेटी पुन्हा उघडावी लागली. चूक माझी होती. सॉफ्टवेअरने पियानोला जे द्यायला हवे तेच दिले होते. आता मी पेटीसाठी वेगळी फाइल उघडतो आणि पेटीचीच चार-पाच रीड मोजायला देतो. चढणीचा आकडा शून्याच्या आसपास येतो, वक्ररेषा सरळ होते आणि खर्ज-नर एकमेकांत मिसळून जातात.

रीडवर काम करताना आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. भाता जोरात मारला की रीडचा सूर किंचित उतरतो, म्हणून आतला भाता भरून घेऊन एका संथ दाबावरच मापन घ्यावे. रीड बाहेर काढून फुंकून घेतलेला आकडा आणि तेच रीड आपल्या खणात बसवून घेतलेला आकडा यांत फरक पडतो, तेव्हा खरा मानायचा तो खणातला. जिभेखाली पातळ पोलादी पट्टी सरकवून टोकाशी कानस फिरवली की सूर चढतो, बुडाशी खरवडला की उतरतो. घासल्यावर पितळ गरम झालेले असते, ते निवू द्यावे आणि मगच पडद्याकडे पाहावे. एप्रिलमधल्या दुपारी लावलेली पेटी पहाटे दोन-तीन सेंट चढलेली दिसते, पण सगळी रीड मिळून चढत असल्याने आपसांतले नाते बिघडत नाही. पियानोचे तसे नाही. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात आणि नंतरच्या पावसाळ्यात त्याचे लाकूड आक्रसते आणि फुगते, आणि मधले स्वर टोकाच्या स्वरांपेक्षा जास्त हलतात. म्हणून पियानो लावण्याच्या आधीची मापे मी दर खेपेला जपून ठेवतो.

सॉफ्टवेअर जे करू शकत नाही त्याविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. एका पट्टीच्या तीन तारा एकमेकींना मिळवण्याचे काम मी आजही कानानेच करतो, कारण तिन्ही मिळून होणारा नाद गोल झाला की नाही हे पडद्यापेक्षा कानाला लवकर समजते. पियानोची तार ओढायची किल्ली सोडल्यावर तारेची पिन मागे सरकणार आहे की जागेवर राहणार आहे, हे फक्त मनगटाला कळते. पेटीचा भाता गळत असेल किंवा उंदरांनी कातडे कुरतडले असेल, तर आधी ते नीट करावे आणि मगच फोन बाहेर काढावा.

किंमत डॉलरमध्ये भरावी लागते आणि रुपयांत ती पाच आकडी होते. गावातल्या कारागिराला हा खर्च जड आहे, हे मी जाणतो. विंडोजवर त्याची चाचणी आवृत्ती फुकट मिळते. ती मधूनमधून काही वेळ थांबते, पण शिकायला पुरेशी आहे, आणि मी स्वतः त्यावरच शिकलो. फक्त पियानो लावायचे असतील आणि पैसे खर्चायचे नसतील, तर एन्ट्रॉपी पियानो ट्यूनर हा चांगला पर्याय आहे. जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ हाये हिन्रिक्सन यांनी तो तयार केला असून तो पूर्णपणे मोफत आहे. त्यात मात्र आधी प्रत्येक पट्टी ध्वनिमुद्रित करावी लागते आणि त्यासाठी शांत खोली हवी. वर्षाला आठ-दहा पेट्याच हाताखालून जात असतील, तर एवढी रक्कम घालू नये असे माझे मत आहे.

आता ज्या कामासाठी मी हे सॉफ्टवेअर सोडणार नाही, ते काम. पेटीच्या समान अंतरांमुळे तिचा गंधार आपल्या कानाला चढा लागतो, ही तक्रार जुनी आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओवर पेटीला जी बंदी झाली आणि १९७१ पर्यंत टिकली, तिच्यामागच्या कारणांत पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) निघत नाही हे होते तसेच तिचे ठोकळेबाज स्वर हेही होते. आपला शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो आणि पेटीचा ४०० वर. ट्यूनलॅबमध्ये बाराही स्वरांना वेगवेगळी सूट देता येते. मी रिषभ ४ सेंट वर, गंधार १४ खाली, मध्यम २ खाली, पंचम २ वर, धैवत १६ खाली आणि निषाद १२ खाली, अशी फाइल तयार केली, आणि कोमल स्वर व तीव्र मध्यमही त्याच हिशेबाने बसवले.

गेल्या वर्षी तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीच्या आधी एका मंडळाच्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत पेटी लावत बसलो होतो. मंडळाचे जुने गायक शेजारी मांडी घालून बसले होते. समान अंतरांवर लावलेली पेटी त्यांनी ऐकली आणि म्हणाले, "भाऊ, हा गंधार अजून टोचून राह्यला." ते काळी एक ही पट्टी षड्ज धरून गातात, म्हणजे त्यांचा गंधार पांढरी चारवर येतो. ती पट्टी मी बुडाशी खरवडून १४ सेंट खाली आणली, पंचम दोन सेंट वर घेतला आणि त्यांना पुन्हा षड्ज धरायला सांगितले. त्यांनी डोळे मिटून सा-ग-प तीनदा आळवला आणि काही न बोलता पेटी स्वतःकडे ओढून घेतली.

पण त्याच मंडळातला एक तरुण काळी दोनवर गातो. त्याच्यासाठी तीच पांढरी चार रिषभ होते, आणि पूर्ण फाइल बसवली की त्याचा षड्ज, म्हणजे काळी दोन, बुवांचा रिषभ म्हणून ४ सेंट चढलेला असल्याने, २०४ सेंटवर असायला हवी ती १८२ वर पडते. बावीस सेंटची ही तूट कोणालाही ऐकू येईल. म्हणून पेटी अशा रीतीने लावायची की नाही, हे आधी मंडळाला विचारून ठरवावे आणि मंडळाकडे दोन पेट्या असतील तरच लावावी, असा माझा आग्रह असतो. या मंडळाकडे दोन होत्या. बुवांच्या पेटीची फाइल मी त्या गावाच्या नावाने जपून ठेवली. यंदा तपासायला गेलो तेव्हा तीच फाइल उघडून बाराही स्वर एकेक करून पाहिले. तीन रीड सरकली होती, बाकीची होती तिथेच होती, आणि काम पाऊण तासात संपले.