गळा कुणाचा, चेहरा कुणाचा: अलीकडे पाहिलेले काही संगीतपट आणि ऐतिहासिक चित्रपट

राहुल देशपांडे यांचा एकच गळा दोन चित्रपटांत ऐकायला मिळतो. 'कट्यार काळजात घुसली' (२०१५) मध्ये तो सचिन पिळगावकरांच्या ओठांवर आहे, तर 'मी वसंतराव' (२०२२) मध्ये स्वतः राहुल यांच्याच. हे दोन चित्रपट लागोपाठच्या दोन रात्री पाहा. संगीतपट कुठे उभा राहतो आणि कुठे लंगडतो, ते एवढ्यातच कळतं. त्यात पुन्हा १९६७ साली 'कट्यार' नाटक रंगमंचावर आलं, तेव्हा त्यातल्या खाँसाहेब या गवयाच्या भूमिकेत होते वसंतराव देशपांडे, म्हणजे राहुल यांचे आजोबा. आजोबांच्या भूमिकेला नातवाने पडद्यावर आधी नुसता आवाज दिला आणि पुढे आजोबाच साकारले.

'कट्यार'चं नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, मूळ संगीत जितेंद्र अभिषेकींचं. चित्रपट सुबोध भावे यांनी केला, नवी गाणी शंकर-एहसान-लॉय यांची. गायनाची वाटणी लक्षात ठेवून पाहिलं की मजा दुप्पट होते. पंडित भानुशंकर झालेत शंकर महादेवन, आणि गळाही त्यांचाच. खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले झालेत सचिन, आणि त्यांच्यासाठी राहुल गातात. सदाशिव झालेल्या सुबोध भावेंना महेश काळेंचा आवाज आहे. त्यातल्या 'अरुणि किरणी'साठी काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

संवादांत शंकर महादेवन जरा जपूनच बोलतात, पण गायला लागले की पडद्यावर त्यांच्याइतकं खरं कुणी वाटत नाही. कारण आहे श्वास. गाणारा माणूस ओळ उचलण्याआधी पोटातून दम भरतो, खांदे हलत नाहीत, आणि तान संपते तिथे छाती नकळत खाली येते. रेकॉर्डिंग आधीच झालेलं असलं तरी ज्याने ते गायलं त्याच्या अंगाला या जागा पाठ असतात. दुसऱ्याच्या गाण्यावर ओठ हलवणाऱ्याला त्या एकेक करून शिकाव्या लागतात. सचिननी त्या बऱ्याच शिकल्या आहेत. त्यांची बैठक, नजर, सम (तालाची पहिली मात्रा) गाठल्यावरचा रुबाब, सगळं भरदार आहे. द्रुत तानांत मात्र मान आणि भुवया फार राबतात, पोट स्वस्थ राहतं. हा दोष जीवघेणा नाही. अशा चित्रपटात नजर कुठे ठेवायची ते त्यावरून समजतं.

आणखी दोन ठिकाणी नजर ठेवा. पहिलं, तानपुरा. चार तारांचा तानपुरा छेडताना पहिली तार मधल्या बोटाने आणि उरलेल्या तीन तर्जनीने, अशी रीत आहे, आणि छेडण्याची गती गाण्याच्या लयीशी बांधलेली नसते. पडद्यावर बऱ्याचदा एकच बोट चारी तारांवरून सपकन फिरवलं जातं, तेही तबल्याच्या ठेक्यात. दुसरं, ताल देणारा हात. त्रितालाच्या सोळा मात्रांत पहिलीवर सम, नवव्या मात्रेवर काल, म्हणजे तालाची रिकामी जागा. कालेला टाळी नसते, हात उलटा होतो. दिग्दर्शकाने आणि नटाने किती मेहनत घेतली ते या एका हातावरून दिसतं.

'कट्यार'मधल्या उर्दूबद्दल मराठवाड्यातल्या माणसाने बोललंच पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला भाग निजामाच्या राज्यात होता, शाळा-कचेरीची भाषा उर्दू होती, आणि त्या काळात शिकलेल्या पिढीचा कान या बाबतीत फार तिखट. आपल्याकडच्या दखनीत, म्हणजे दख्खनी उर्दूत, 'क़'चा सर्रास 'ख' होतो, 'क़लम'चं 'खलम' होतं. खाँसाहेब बरेलीचे, त्यांच्या तोंडी दखनी आली असती तर सगळं पात्र कोसळलं असतं. सचिननी तो 'क़' घशातूनच काढला आहे, 'ग़' आणि 'ख़'ही जागच्या जागी आहेत. गायकीइतकंच त्यांचं हे उच्चारण खाँसाहेबांना उभं करतं. ज्यांच्या घरी आजोबा उर्दूत सही करायचे, त्यांनी हा चित्रपट त्या कानाने एकदा पाहावा.

न आवडलेलं म्हणजे नव्या गाण्यांचा भरगच्च वाद्यमेळ. 'सूर निरागस हो' सुंदरच आहे, पण संस्थानी दरबारातल्या बैठकीमागे मोठा ताफा वाजायला लागला की काळ निसटतो. याउलट 'घेई छंद मकरंद' सुरू झालं की तानपुरा, तबला आणि गळा एवढ्यावर सगळं भागतं.

'मी वसंतराव' जवळपास तीन तासांचा आहे. लांबीची तक्रार खरी आहे. उत्तरार्धात दोन-तीन प्रसंग एकच गोष्ट पुन्हा सांगतात. तरीही एका बैठकीत पाहावा. निपुण धर्माधिकारी यांनी चरित्रपटाची नेहमीची पायवाट धरलेली नाही. लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करणारा, एका घराण्याच्या शिक्क्यात न बसणारा गवई आपला गळा कधी मोकळा सोडतो, एवढाच प्रश्न चित्रपट धरून ठेवतो. अनिता दाते यांनी केलेली आई विसरता येत नाही. एकटीने मुलगा वाढवणाऱ्या बाईचा ताठ कणा त्यांनी आवाज न चढवता दाखवला आहे. अमेय वाघ यांचे दीनानाथ मंगेशकर थोडाच वेळ येतात, पण मुलाच्या कानात ठिणगी कुणी टाकली ते पटवून जातात.

इथे गळा आणि चेहरा एकाच माणसाचा आहे, आणि कॅमेऱ्याला ते ठाऊक आहे. तान चालू असताना तो तबलजीकडे किंवा श्रोत्यांच्या 'वाहवा'कडे पळत नाही. वसंतरावांची तान सरळ जिना उतरत नसे, मधल्या दोन पायऱ्या गाळून भलत्याच सुरावर उडी घेत असे. ती उडी घेताना चेहऱ्यावर क्षणभर उमटणारा खट्याळपणा इथे दिसतो, तो उसन्या आवाजावर आणता येत नाही. राहुल यांना पार्श्वगायनाचा आणि अनमोल भावे यांना ध्वनिरचनेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुसरा पुरस्कार कानांनी तपासून पाहा: लहान खोलीतला रियाज, माजघरातलं गुणगुणणं आणि नाट्यगृहातलं पद, तिन्हींचा घुमारा वेगळा आहे.

उसना गळाही किती बेमालूम बसू शकतो, त्यासाठी 'बालगंधर्व' (२०११) पाहायला हवा. रवी जाधव यांचं दिग्दर्शन, सुबोध भावे पडद्यावर, गळा आनंद भाटे यांचा. त्यांनाही यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जुळण्याचं कारण गायकीतच आहे. बालगंधर्वांचं गाणं लडिवाळ, शब्दाला कुरवाळत जाणारं. तानही लहान, पटकन परत येणारी. जबड्याचं काम कमी, डोळ्यांचं आणि मानेच्या हलक्या कलाचं जास्त. भावेंनी ते अचूक पकडलं आहे. सारंगी आणि ऑर्गन लागले की गंधर्व कंपनीचा काळ समोर उभा राहतो. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी तान्ही मुलगी गेली आणि तरी बालगंधर्व भामिनी म्हणून उभे राहिले, तो प्रसंग फार संयमाने घेतला आहे. पडझडीचा शेवटचा भाग मात्र घाईत उरकला. ज्या माणसाने अत्तर आणि शालूंवर कंपनी कर्जात घातली, त्याच्या उतारवयाला आणखी वीस मिनिटं द्यायला हवी होती.

त्याच 'मानापमान'वरचा 'संगीत मानापमान' (२०२५) त्या मानाने हलका वाटला. खाडिलकरांचं नाटक, गोविंदराव टेंबे यांच्या चाली, एवढी पुंजी हाताशी असताना चित्रपट साहसकथेकडे झुकतो. वैदेही परशुरामी भामिनी म्हणून प्रसन्न आहेत, सुमीत राघवन चंद्रविलास रंगवतात. मुलांना घेऊन पाहायला चांगला. नाट्यपदांच्या ओढीने बसणाऱ्याने अपेक्षा थोडी खाली ठेवावी.

हे चित्रपट ऐकायचे कसे, ते सांगणं भाग आहे, कारण अर्धी नाराजी टीव्हीच्या सेटिंगमुळे होते. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी 'सा' धरून, गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याची खर्जाची (सगळ्यांत खालच्या 'सा'ची) तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. पातळ टीव्हीचे स्पीकर खालच्या किंवा मागच्या बाजूला तोंड करून असतात, त्यांना ते झेपत नाही आणि गाणं आधाराविना लोंबकळतं. साधा साउंडबार किंवा कान झाकणारे हेडफोन पुरेसे आहेत. आवाज आपोआप सारखा ठेवणारं सेटिंग, मग त्याचं नाव ऑटो व्हॉल्यूम असो की नाइट मोड, बंद करा. ते चालू असेल तर आलापातला कुजबुजता सूर आणि तारसप्तकातली फेक एकाच उंचीची ऐकू येते. चित्रासाठी एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो, सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस बंद करा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो, टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून भरतो आणि पेशवाई दरबार दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो.

गणपतीत मंडळाने पटांगणात पडदा लावायचा ठरवला तर डीजेवाल्याकडचे फक्त टॉप, म्हणजे वरचे स्पीकर, घ्या, बेसचे डबे गाडीतच राहू द्या. डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या वाद्याचा) घुमारा त्या डब्यांत गेला की तबल्याचे बोल कळतच नाहीत. दोन टॉप पडद्याच्या दोन बाजूंना, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या थोडे वर, आणि आतल्या अंगाला किंचित वळवलेले ठेवा. लाइट जाण्याची खात्री धरून प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर घ्या. प्रोजेक्टरचा दिवा अचानक बंद पडला तर लगेच पेटत नाही, थंड व्हायला काही मिनिटं घेतो, आणि तेवढ्यात निम्मी गर्दी घरी जाते.

पोशाखाच्या बाबतीत आपल्याकडचा प्रेक्षक फसत नाही, कारण पैठण आपलं आहे. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटसुलट दोन्हीकडून जवळपास सारखाच दिसतो. यंत्रावरच्या साडीच्या मागे सुटे धागे तरंगतात. नऊवारीचा पदर वाऱ्यावर उलटला की पेशवेकालीन बाईने कालच्या दुकानातली साडी नेसलेली उघडी पडते. 'फुलवंती' (२०२४) पाहताना डोळा सारखा तिकडे जात होता. चित्रपट देखणा आहे, प्राजक्ता माळी मनापासून नाचल्या आहेत, गश्मीर महाजनींचे शास्त्री तोलाचे. फक्त पैजेच्या नाचात पाय सलग दिसायला हवे होते. घुंगरू ऐकू येतात आणि पडद्यावर असतो चेहरा. 'चंद्रमुखी' (२०२२) मध्ये 'चंद्रा' गाण्याचा बोलबाला झाला, पण आर्या आंबेकर यांची 'बाई गं' ही बैठकीची लावणी जास्त टिकेल. 'महाराष्ट्र शाहीर' (२०२३) अंकुश चौधरींच्या उमेदीवर तरतो.

ऐतिहासिक चित्रपटातलं गाणं त्या मातीच्या भाषेत कसं लिहावं, हे पाहायचं असेल तर मागे, १९८७ च्या 'सर्जा'कडे जावं लागतं. शिवकाळातली गोष्ट, राजदत्त यांचं दिग्दर्शन, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत आणि शब्द सोयगाव तालुक्यातल्या पळसखेडच्या ना. धों. महानोरांचे. 'चिंब पावसानं रान झालं आबादानी' मधला 'आबादानी' (समृद्ध) फारसी घराण्यातला, पण आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी इतका रुळलेला की परका वाटतच नाही. शिवकाळातल्या मराठीत फारसी शब्दांची रेलचेल होती, म्हणून तो तिथेही शोभतो. आजच्या ऐतिहासिक चित्रपटांतली गाणी संस्कृत शब्दांनी फुगवलेली असतात, त्यापेक्षा हा एक शब्द त्या काळाच्या जास्त जवळ आहे. महानोरांचेच शब्द आणि आनंद मोडक यांचं संगीत असलेला 'एक होता विदूषक' (१९९२) ही त्याच बैठकीत घ्या. जब्बार पटेलांचा हा चित्रपट तमाशाच्या फडावर सुरू होतो, आणि त्यातल्या लावण्या शिट्टीसाठी लिहिलेल्या नाहीत.

शेवटी पैठण. व्ही. शांताराम यांचा १९३५ चा 'धर्मात्मा' एकनाथांवरचा, आणि एकनाथ झालेत खुद्द बालगंधर्व. नाव आधी 'महात्मा' होतं. ते गांधीजींकडे बोट दाखवतं म्हणून सेन्सॉरने बदलायला लावलं. संगीत मास्टर कृष्णरावांचं. सत्तेचाळिशीचे बालगंधर्व, स्त्रीवेषाशिवाय, पुरुषाच्या भूमिकेत. गळा आणि चेहरा दोन्ही त्यांचेच, तरी शरीर अवघडलेलं दिसतं: हात कुठे ठेवावेत ते त्या हातांना कळत नाही, पदर सावरायची सवय असलेले ते हात. प्रभात फिल्म कंपनीसाठी त्यांनी केलेला हा एकमेव चित्रपट ठरला. पण एकनाथ अस्पृश्याच्या घरी जेवायला बसतात तिथे आणि अभंग सुरू होतो तिथे ते अवघडलेपण गळून पडतं. या चित्रपटासाठी साउंडबार बंद ठेवा. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात खालचे सूर फारसे उतरतच नसत, मोठ्या स्पीकरवर फक्त खरखर वाढते. टीव्हीच्या साध्या स्पीकरवर, आवाज मध्यम ठेवून ऐका. बालगंधर्वांचा सूर त्यातूनही सरळ येऊन लागतो.