बारीक धारेचं गरम पाणी: कॉम्बी बॉयलर की सिलिंडर?

ब्रिटनमध्ये १९३०च्या दशकातलं तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड घर घेतलं की दोन-तीन हिवाळ्यांत हा प्रश्न येतोच. जुना बॉयलर कुरकुरायला लागलेला असतो. माळ्यावर प्लॅस्टिकच्या दोन टाक्या असतात आणि वरच्या मजल्यावरच्या कपाटात तांब्याचा जुना सिलिंडर असतो. प्लंबर सगळं बघून म्हणतो, कॉम्बी टाका, टाक्या जातील आणि कपाटही मोकळं होईल. सल्ला वाईट नाही, पुष्कळ घरांना तो लागूही पडतो. पण कपाट रिकामं करण्याआधी दुसरा पर्याय एकदा नीट बघावा, असं मला वाटतं: साधा सिस्टिम बॉयलर, म्हणजे नळाचं पाणी स्वतः न तापवता रेडिएटर आणि सिलिंडर तापवणारा, आणि सोबत थेट मेनच्या, म्हणजे रस्त्यावरून येणाऱ्या पाण्याच्या, दाबावर चालणारा, अनव्हेंटेड, गरम पाण्याचा सिलिंडर.

कॉम्बी म्हणजे आपल्याकडचा गॅस गीझर, फक्त रेडिएटरही तापवणारा. नळ सोडला की पेटतो, बंद केला की विझतो. सिलिंडर म्हणजे बंब. पाणी आधी तापवून ठेवायचं आणि लागेल तसं घ्यायचं. पुढचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

कोटेशन मागवण्यापूर्वी बाहेरच्या किंवा स्वयंपाकघरातल्या थंड नळाखाली दहा लिटरची बादली ठेवा आणि नळ पूर्ण सोडून घड्याळ लावा. तीस सेकंदांत भरली तर मिनिटाला २० लिटर, साठ सेकंद लागले तर १०. मग दुसरा नळ चालू ठेवून पुन्हा मोजा. नळावर बसवायचा दाबमापक स्वस्त मिळतो, पण त्यावरचा ३ बारचा आकडा नळ बंद असतानाचा असतो. पाणी वाहताना दाब किती उरतो, तो आकडा खरा. इंग्लंड-वेल्समध्ये पाणी कंपनीची किमान दाबाची हमी जेमतेम ०.७ बारची आहे, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नये. दोन्ही पर्याय मेनच्याच पाण्यावर चालतात. मेनमधून मिनिटाला १० लिटर येत असतील तर महागडा सिलिंडरही त्याचे २० करणार नाही. अशा वेळी रस्त्याच्या हद्दीपासून घरापर्यंतची जुनी अर्ध्या इंची शिशाची किंवा लोखंडाची नळी काढून २५ किंवा ३२ मिमीची निळी प्लॅस्टिक नळी टाकणं हा पहिला खर्च. तो मालकाचाच असतो. अनव्हेंटेडसाठी वाहत्या पाण्याला साधारण दीड-दोन बार दाब आणि २० लिटरच्या आसपास प्रवाह असेल तर मजा आहे. त्याच्या बऱ्याच खाली असाल तर कॉम्बी घ्या आणि निश्चिंत राहा.

कॉम्बीचं गणित सोपं आहे. लिटर प्रति मिनिट, गुणिले वाढवायचं तापमान, गुणिले ०.०७, म्हणजे लागणारे किलोवॅट. हिवाळ्यात मेनचं पाणी ५ ते ७ अंशांवर येतं, अंगावर ४० अंशांचं हवं, म्हणजे ३५ अंशांची वाढ. ३० किलोवॅटचा कॉम्बी त्या हिशेबाने मिनिटाला सुमारे १२ लिटर देतो, २४ किलोवॅटचा जेमतेम १०. एका चांगल्या शॉवरला ८ ते १० लिटर लागतात. शॉवर चालू असताना खाली कुणी गरम नळ सोडला की काय होतं, हे कॉम्बीवाल्या घरात राहिलेल्यांना सांगायला नको. पण सकाळच्या वेळा वाटून घेतल्या की ही अडचण सुटते, म्हणून माझ्या लेखी ती निर्णायक नाही.

निर्णायक ठरली ती बारीक धार.

आपल्याकडे भांडी विसळताना नळ भसाभसा सोडत नाहीत. धार बारीक ठेवायची आणि हात चालवायचा, ही लहानपणापासूनची सवय. कॉम्बीला ती मानवत नाही. आत प्रवाह मोजणारं छोटं चक्र असतं. गरम पाण्याचा प्रवाह मिनिटाला साधारण २ ते २.५ लिटरच्या खाली गेला की बॉयलर पेटतच नाही, पेटलेला असला तर विझतो. त्यात मिक्सर नळाचा दांडा मधोमध असेल तर ४ लिटरच्या धारेतलं गरम पाणी निम्मंच, २ लिटर. तेलकट कढईवर हात फिरवत असताना पाणी कोमट होतं, मग गार. धार वाढवली की पंखा फिरतो, ठिणगी पडते, ज्योत स्थिरावते आणि तोवर नळीतला थंड पाण्याचा तुकडा हातावर येतो. प्रत्येक भांड्यामागे हेच.

उन्हाळ्यात उलटा त्रास. बॉयलरची सर्वांत कमी आच ७ किलोवॅट असेल आणि धार अडीच लिटरची, तर पाणी ४० अंशांनी चढतं. मेनचं पाणी १८ अंशांवर असलं तर ५८ होणार. मर्यादा ५०ची लावलेली, म्हणून बर्नर बंद, पाणी गार, पुन्हा चालू. प्रीहीट, म्हणजे थोडं पाणी आधीच तापवून ठेवायची सोय, चालू ठेवल्याने पहिलं गरम पाणी लवकर येतं, किमान प्रवाहाची अट मात्र तशीच राहते. कॉम्बीच घ्यायचा असेल तर दोन आकडे माहितीपत्रकाच्या मागच्या तक्त्यात शोधा: गरम पाण्यासाठी किमान प्रवाह आणि किमान आच. किमान आच ३ किलोवॅटपर्यंत उतरणारी मॉडेलं मिळतात. मग पाण्याचं तापमान ४५ ते ४८ अंशांवर ठेवा आणि दांडा पूर्ण गरम बाजूला करूनच वापरा. थंड मिसळायचं नाही, म्हणजे सगळा प्रवाह बॉयलरमधून जातो. ज्यांच्याकडे बहुतेक भांडी डिशवॉशरमध्ये जातात त्यांना हे सगळं किरकोळ वाटेल. आमच्याकडे पितळेची आणि लोखंडी भांडी हातानेच धुतली जातात, म्हणून माझं माप या बाजूला झुकतं.

सिलिंडरला धार किती बारीक आहे याच्याशी घेणंदेणं नाही. पाणी ६० अंशांवर तयार असतं, थेंब मागा की बादली. शिवाय २१० लिटरचं ६० अंशांचं पाणी १० अंशांच्या पाण्यात मिसळलं की ४० अंशांचं सुमारे ३५० लिटर होतं. शेवटचा भाग कोमट निघतो म्हणून ३०० धरा. म्हणजे दहा मिनिटांच्या साडेतीन शॉवर, किंवा बादलीने आंघोळ करणाऱ्यांच्या पंधरा बादल्या. २० किलोवॅटची कॉइल, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी सिलिंडरच्या आतून फिरवणारी नळी, असेल तर रिकामा सिलिंडर अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा तयार होतो. दोघा-तिघांना १५० लिटर पुरतो, चौघांना २१०. आईवडील सहा महिने राहायला येणार असतील तर २५० घ्यावा. बॉयलर ऐन जानेवारीत बंद पडला तर सिलिंडरमध्येच बसवलेल्या ३ किलोवॅटच्या विजेच्या दांड्यावर, म्हणजे इमर्शन हीटरवर, पाणी तापतं. २१० लिटरला चारेक तास लागतात आणि विजेचं बिल टोचतं, पण आंघोळ चुकत नाही. कॉम्बी बंद पडला की गरम पाणी आणि रेडिएटर दोन्ही जातात. फक्त प्यायला आणि भांड्यांना किटलीचा आधार.

आता सिलिंडरच्या बाजूचे दोष, आणि ते खरे आहेत. साठवलेली उष्णता झिरपते. चांगल्या कवचाचा २१० लिटरचाही दिवसाला दीडेक युनिट गमावतो. भरलेल्या सिलिंडरचं वजन अडीचशे किलोच्या आसपास जातं, तेव्हा कपाटाखालच्या लाकडी तुळया बघून घ्याव्यात. १५ लिटरहून मोठा अनव्हेंटेड सिलिंडर बसवणाऱ्याकडे जी३ची, म्हणजे असे सिलिंडर बसवण्याची, पात्रता लागते. गॅस सेफची, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांची, नोंदणी वेगळी, ती बॉयलरसाठी. दोन्ही कार्डं मागून बघा.

सगळ्यात अडतं ते डिस्चार्जच्या नळीपाशी. पाणी हाताबाहेर तापलं तर सुरक्षा व्हॉल्व्ह ९० अंशांवर उघडतो आणि उकळतं पाणी टंडिश नावाच्या उघड्या फनेलातून बाहेर जातं. टंडिश व्हॉल्व्हपासून ५०० मिमीच्या आत हवा आणि त्याखाली पहिल्या वळणाआधी ३०० मिमी सरळ उभी नळी हवी. पुढची नळी एक माप मोठी, म्हणजे १५च्या पुढे २२ मिमी, आणि तिची लांबी जास्तीत जास्त ९ मीटर. प्रत्येक कोपरा त्यात ०.८ मीटर खातो. कपाट घराच्या मधोमध असेल, मजल्याच्या फळ्यांखालून बाहेरच्या भिंतीपर्यंत उतार मिळत नसेल आणि वाटेत पाच वळणं असतील, तर हिशेब चुकतो आणि २८ मिमीवर जावं लागतं. म्हणून कोटेशन देणाऱ्याला पहिल्या भेटीतच ही नळी कुठून जाणार ते पेन्सिलने काढून दाखवायला सांगा. ‘बघू नंतर’ म्हणणाऱ्याला काम देऊ नये.

वर्षातून एकदा सर्व्हिस लागते: गाळणी साफ करणं, व्हॉल्व्ह उघडून बघणं, तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या एक्स्पान्शन टाकीतली हवा तपासणं. टंडिशमध्ये पाणी तापताना टपटप होऊ लागली की समजावं, पाण्याला फुगायला जागा उरलेली नाही. ही टाकी सिलिंडरबाहेर वेगळी असेल तर तिची हवा गेली. मेगाफ्लो या ब्रँडसारख्या सिलिंडरमध्ये हवेचा बुडबुडा आतच असतो आणि तो हळूहळू पाण्यात विरतो. तो परत भरायची रीत: बॉयलर आणि इमर्शन बंद करून पाणी गार होऊ द्या, मेनचा नळ बंद करा, सिलिंडरजवळचा गरम नळ उघडा, वरचा सुरक्षा व्हॉल्व्ह उघडा धरून नळाचं पाणी थांबेपर्यंत थांबा, मग दोन्ही बंद करून मेन सोडा. प्लंबरला बोलावण्याआधी हे करून बघण्यासारखं आहे. पण टपटपीचं पाणी सतत येत असेल आणि तापवण्याशी त्याचा संबंध नसेल, तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह गेलेला असू शकतो. ते काम जी३वाल्याचंच.

कॉम्बीचा एक गुण मला मनापासून आवडतो. रेडिएटरचं पाणी ५० अंशांवर आणि नळाचं वेगळं, असं तो जात्याच करतो. त्यामुळे परत येणारं पाणी पुरेसं थंड राहतं आणि बॉयलर खऱ्या अर्थाने कंडेन्सिंग करतो, म्हणजे धुरातल्या वाफेची उष्णताही वापरतो. सिलिंडरची जोडणी रूढ एस-प्लॅनने, म्हणजे दोन्हींकडे एकाच तापमानाचं पाणी पाठवणाऱ्या पद्धतीने, केली तर सिलिंडर तापवण्यासाठी लागणारे ७० अंश रेडिएटरनाही मिळत राहतात आणि गॅस वाया जातो. उपाय आहे: गरम पाण्याला अग्रक्रम देणारी जोडणी मागायची, म्हणजे सिलिंडर तापवताना ७० आणि एरवी ५०-५५. सगळे बॉयलर हे करत नाहीत, सगळे प्लंबरही नाही. हे जमत नसेल तर कॉम्बीचं पारडं बरंच जड होतं.

क्षारांचं म्हणाल तर स्लाव, रेडिंग, हॅरो, हाउन्स्लो, म्हणजे आपली बरीच वस्ती असलेला पट्टा, कडक, म्हणजे चुन्याचे क्षार जास्त असलेल्या, पाण्याचा आहे. कॉम्बीतली प्लेट हीट एक्स्चेंजर, म्हणजे नळाच्या पाण्याला उष्णता देणारी पेटी, अरुंद फटींची असते, तिथे चुना बसला की धार तीच राहते पण पाणी कोमट होतं. पाण्याचा कडकपणा २०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल तर त्यावर उपाययोजना करावी, असं नियमांचंच सांगणं आहे. सिलिंडरमध्येही चुना बसतो, इमर्शनच्या दांड्यावर तर ठसठशीत, पण तिथे त्याचा परिणाम उशिरा जाणवतो, असा माझा अनुभव.

जुन्या घरात दोन्हींसाठी एक सावधगिरी. टाकीच्या दाबावर चाळीस वर्षं चाललेले सांधे ३ बारला पाझरू शकतात. टाकीच्या पाण्यावर चालणारा पॉवर शॉवरचा पंप काढावाच लागतो. मोठ्या कॉम्बीला गॅसची १५ मिमी नळी बहुधा अपुरी पडते. मीटरपासून बॉयलरपर्यंत दाब १ मिलिबारहून जास्त घसरता कामा नये, म्हणून २२ मिमीची नळी कोटेशनमध्ये धरली आहे का ते बघा. १५-१८ किलोवॅटच्या सिस्टिम बॉयलरला पुष्कळदा जुनी नळी चालून जाते, सिलिंडरचा जास्तीचा खर्च तिथे थोडा भरून निघतो. सुट्या भागांची चिंता मात्र फारशी नको. वॉर्सेस्टर, हल, बेल्पर या गावांतल्या कारखान्यांचे बॉयलर देशभर इतके बसलेत की त्यांचे भाग जवळच्या व्यापाऱ्याकडे मिळतात.

एक बाथरूम, दोन माणसं, छोटा फ्लॅट: कॉम्बी, दुसरा विचार नको. भाड्याने द्यायच्या घरालाही तोच, एक सर्व्हिस कमी. ज्या दुकानात फक्त हात धुवायचे असतात तिथे दोन्ही नकोत, बेसिनखालचा १० लिटरचा विजेचा हीटर पुरतो. दोन बाथरूम, चार माणसं, कपाट शाबूत आणि मेनचा प्रवाह चांगला असेल तर माझा कल सिलिंडरकडे. त्यात पुढे हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता खेचून विजेवर घर तापवणारं यंत्र, बसवण्याचा विचार असेल तर सिलिंडर लागणारच आहे. इंग्लंड-वेल्समध्ये त्यासाठी ७,५०० पौंडांचं अनुदान मिळतं, पण तीनेक चौरस मीटरची कॉइल असलेला सिलिंडर आत्ताच घ्यावा. साध्या सिलिंडरची कॉइल हीट पंपाच्या कोमट पाण्याला पुरत नाही.

आणि सिलिंडर घेतलाच तर स्वयंपाकघराची नळी बदलून घ्या. वरच्या कपाटापासून सिंकपर्यंत १२ मीटर अंतर असेल तर २२ मिमीच्या नळीत जवळपास ३.९ लिटर गार पाणी उभं असतं. मिनिटाला २ लिटरच्या धारेला ते संपायला दोन मिनिटं लागतात. १५ मिमीत १.७ लिटर, १० मिमीत फक्त ०.७. कपाटातून सिंकपुरती वेगळी १० मिमीची नळी, फोमच्या वेष्टनासकट, जमिनीच्या फळ्या उचललेल्या असतानाच टाकून घ्यावी.