प्रॉक्समॉक्स आणि सेफ : तीन नोडच्या क्लस्टरची साठवण क्षमता वाढवल्यानंतरचा अनुभव

भोसरी एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात ईआरपी (लेखा, साठा आणि उत्पादन सांभाळणारी प्रणाली), डिझाइन विभागाच्या फायली आणि बाकीची सगळी व्हर्च्युअल मशीन्स एकाच हायपरकन्व्हर्ज्ड क्लस्टरवर, म्हणजे गणनशक्ती आणि साठवणूक एकत्रच देणाऱ्या सर्व्हरच्या गटावर चालतात. त्यासाठी तीन सर्व्हरवर (नोडवर) व्हर्च्युअल मशीन्स चालवणारे प्रॉक्समॉक्स व्हीई ८ आहे आणि साठवणुकीसाठी त्याच सर्व्हरवर, सगळ्या डिस्क एकत्र करून माहितीच्या प्रती ठेवणाऱ्या सेफ या सॉफ्टवेअरची रीफ आवृत्ती आहे. सुरुवातीला प्रत्येक सर्व्हरमध्ये ३.८४ टीबीच्या चार एसएसडी होत्या. आधी डिस्क वाढवून आणि नंतर चौथा सर्व्हर जोडून, अशी दोन टप्प्यांत आम्ही क्षमता वाढवली. त्यानंतर बरेच महिने हे सगळे रोजच्या कामाच्या भाराखाली चालल्यामुळे आता त्याबद्दल ठामपणे लिहिता येते.

बारा डिस्कची कच्ची क्षमता ४६.०८ टीबी होती. प्रत्येक माहितीच्या तीन प्रती ठेवल्या जात असल्याने वापरण्याजोगी जागा १५.३६ टीबी उरते आणि कोटेशनमध्येही तोच आकडा होता. आमची माहिती ११ टीबीच्या आसपास पोहोचली तेव्हा क्लस्टर सुमारे ७२ टक्के भरला होता. एक चतुर्थांशाहून अधिक जागा शिल्लक असताना नवी खरेदी कशासाठी, असा प्रश्न लेखा विभागाने विचारला आणि वरवर पाहता तो रास्तच होता. उत्तर दडलेले होते ते प्रतींच्या मांडणीत. तीन सर्व्हर आणि तीन प्रती असतील तर प्रत्येक सर्व्हरवर एकेक प्रत असते. त्यामुळे एक डिस्क निकामी झाली की तिच्यावरचा मजकूर त्याच सर्व्हरच्या उरलेल्या तीन डिस्कवर पुन्हा लिहावा लागतो, दुसऱ्या सर्व्हरवर तो जाऊ शकत नाही. म्हणजे ७२ टक्के भरलेल्या डिस्क ९५ टक्क्यांच्या घरात जातात. सेफ मूळ मर्यादांनुसार ८५ टक्क्यांना इशारा देते, ९० टक्क्यांना त्या डिस्कवर माहिती हलवणे थांबवते आणि ९५ टक्क्यांना लिहिणेच बंद करते. हा हिशेब धरला तर १५.३६ पैकी भरवशाची जागा जेमतेम ९.८ टीबी ठरते आणि ती आम्ही केव्हाच ओलांडली होती. कागदावर हे गणित मांडल्यावर मंजुरीला वेळ लागला नाही.

पहिल्या टप्प्यात प्रत्येक सर्व्हरमध्ये दोन-दोन डिस्क बसवल्या. एकाच सर्व्हरमध्ये जास्त डिस्क टाकून तीन नोडच्या क्लस्टरमध्ये काहीच साधत नाही, कारण तिसरी प्रत ज्या सर्व्हरवर जायची त्याची जागा तेवढीच राहते आणि सर्वांत लहान नोड सगळ्यांना अडवतो. एका पुरवठादाराने स्वस्तात लॅपटॉपच्या दर्जाच्या एसएसडी देऊ केल्या होत्या. वीज गेल्यावर हातातले लेखन पूर्ण करणारे कपॅसिटर त्यांत नसल्यामुळे सेफच्या सततच्या सिंक लेखनात (मजकूर पक्का लिहिला गेल्याची खात्री होईपर्यंत थांबणाऱ्या लेखनात) त्या रडतखडत चालतात, म्हणून ते कोटेशन आम्ही परत पाठवले.

काम गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी केले. आधी माहितीची फेरवाटणी रोखणारा ‘नोरीबॅलन्स’ हा फ्लॅग लावला, सहाही डिस्कवर ओएसडी (एकेक डिस्क सांभाळणारा सेफचा प्रोग्रॅम) तयार केले आणि मगच तो फ्लॅग काढला, जेणेकरून माहितीची हलवाहलव प्रत्येक डिस्कमागे पुन्हा पुन्हा न होता एकदाच व्हावी. माहितीचे गट (पीजी) किती असावेत हे ठरवणारा पीजी ऑटोस्केलरही तेवढ्यापुरता केवळ इशारा देण्याच्या स्थितीत ठेवला होता. पडद्यावर पिवळा इशारा आला की नवखा माणूस घाबरतो. परंतु ‘मिसप्लेस्ड’ आणि ‘डिग्रेडेड’ या दोन शब्दांतला फरक इथे नीट लक्षात घ्यावा लागतो. पहिल्यात तिन्ही प्रती शाबूत असून फक्त जागा बदलत असतात, तर दुसऱ्यात एखादी प्रत खरोखरच कमी झालेली असते. डिस्क वाढवताना पहिलाच दिसायला हवा आणि आम्हालाही तोच दिसला. आणखी एक गोष्ट म्हणजे एकूण क्षमतेचा आकडा लगेच वाढतो, पण पूलमध्ये (सेफमधल्या साठवणुकीच्या कप्प्यात) उपलब्ध दिसणारी जागा हळूहळू सरकते, कारण ती सर्वांत आधी भरू पाहणाऱ्या डिस्कवरून काढलेली असते.

वेगाबाबत एक तक्रार नोंदवावीशी वाटते. जुन्या लेखांमध्ये सांगितलेले ‘मॅक्स बॅकफिल्स’चे (एका वेळी किती हलवाहलव चालावी याचे) आकडे बदलून रीफमध्ये काहीच फरक पडत नाही. लेखन-वाचनाची वाटणी आता एमक्लॉक हा सेफमधला नियोजक करतो आणि ओव्हरराइडची स्वतंत्र सेटिंग चालू केल्याशिवाय तो ते आकडे मोजतच नाही. त्याऐवजी दिवसा व्हर्च्युअल मशीन्सच्या कामाला प्राधान्य देणारे आणि रात्री रिकव्हरीला (माहितीच्या हलवाहलवीला) प्राधान्य देणारे प्रोफाइल लावणे पुरेसे ठरले. शुक्रवारी सकाळी ईआरपी वापरणाऱ्यांना हलवाहलव चालू होती याचा पत्ताही नव्हता.

पहिल्या टप्प्यानंतर एक डिस्क गेली तरी चालेल अशी भरवशाची जागा सुमारे १६.३ टीबी झाली. त्याची किंमत मेमरीतही मोजावी लागते. प्रत्येक ओएसडी मूळ सेटिंगनुसार सुमारे ४ जीबी रॅम धरून बसतो, म्हणजे प्रत्येक सर्व्हरमागे व्हर्च्युअल मशीनची ८ जीबी रॅम कमी झाली. साठवणूक आणि गणनशक्ती एकाच पेटीत असली की हे देणे-घेणे टळत नाही आणि कोटेशनमध्ये ते कधीच दिसत नाही.

चौथ्या सर्व्हरची खरी डोकेदुखी निघाली ती नेटवर्कची. तीन सर्व्हर दोन पोर्टच्या २५ गिगाबिट कार्डांनी एकमेकांना थेट जोडलेले होते, मध्ये स्विच नव्हता. चौथा आल्यावर ती जुळणी शक्यच नसते, म्हणून स्विच घ्यावा लागला. तो एकच घेतला तर सगळा क्लस्टर त्याच्या भरवशावर राहतो, म्हणून दोन घेतले. डिस्कपेक्षा या खर्चावरच बैठकांमध्ये अधिक वेळ गेला.

सहा डिस्कच्या या सर्व्हरमुळे वापरण्याजोगी जागा कागदावर २३.०४ वरून ३०.७२ टीबी झाली. भरवशाची जागा मात्र १९.६ टीबीच धरावी, कारण एक पूर्ण सर्व्हर गेल्यावर उरलेल्या तिघांवर सगळे पुन्हा मावायला हवे. वाढ कमी वाटली तरी मिळकत मोठी आहे. पूर्वी सर्व्हर बंद पडला तर तो दुरुस्त होईपर्यंत दोनच प्रतींवर दिवस काढावे लागत. आता तिसरी प्रत आपोआप तयार होते. क्लस्टर चालू राहायला निम्म्याहून अधिक सर्व्हरची मते लागतात आणि त्या मतांच्या बाबतीत मात्र चार म्हणजे तीनपेक्षा जास्त नव्हे. बहुमताला चारपैकी तीन लागतात, त्यामुळे एकाच वेळी दोन सर्व्हर गेलेले आजही चालत नाहीत. सेफचे मॉनिटरही (क्लस्टरच्या स्थितीची नोंद ठेवणारे प्रोग्रॅम) आम्ही तीनच ठेवले आहेत.

प्रॉक्समॉक्सचे सबस्क्रिप्शन प्रोसेसरच्या सॉकेटवर मोजले जात असल्याने डिस्क वाढवताना परवान्याचा प्रश्न आला नाही, चौथ्या सर्व्हरला मात्र तो खर्च आला. प्रत्येक सर्व्हरमध्ये आता डिस्कचे दोन बे (खण) रिकामे आहेत. पुढच्या खेपेला ७.६८ टीबीच्या डिस्क स्वस्त पडतील असे दिसते, पण दुप्पट क्षमतेच्या डिस्ककडे माहितीबरोबर कामाचा भारही दुप्पट जातो. त्या घ्यायच्या ठरल्याच तर चारही सर्व्हरमध्ये सारख्याच संख्येने घेऊ.