थिंकपॅड टी४८०: दोन बॅटऱ्या आणि कुणी न पुसलेला लॉग

२०१८ च्या या लॅपटॉपची खरी करामत पोटाखाली आहे. आत २४ वॉट-अवरची बॅटरी, मागे खटक्याने निघणारी दुसरी; ती २४ची सपाट किंवा ४८, ७२ची फुगीर. आधी बाहेरची रिकामी होते. ती संपली की मशीन चालू ठेवूनच काढा, भरलेली लावा. तेवढा वेळ आतली सांभाळते. जाडीवरून नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावं.

उघडायलाही सोपा. मशीन सुरू होताना एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जा, कॉन्फिग, मग पॉवर, तिथे ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’ निवडा, बाहेरची बॅटरी काढा. खालचे सहा स्क्रू ढिले करा. ते झाकणातच अडकून राहतात, हरवायचा प्रश्न नाही. क्लिपा जुन्या प्लास्टिक कार्डाने उचला. रॅमचे दोन स्लॉट आहेत. अधिकृत मर्यादा ३२ जीबी, पण ६४ चालते. अडीच इंची ड्राइव्हच्या जागी अडॅप्टरवर एनव्हीएमई, म्हणजे वेगवान एसएसडी, बसतो, मात्र डेटा वाहणाऱ्या लेन दोनच मिळतात. महागडा, वेगवान ड्राइव्ह घेऊ नका.

एवढ्या विचारी मशीनचा घात फर्मवेअरने, म्हणजे चिपमधल्या सॉफ्टवेअरने, केला. टाइप-सी सांभाळणाऱ्या थंडरबोल्ट कंट्रोलरच्या इवल्याशा फ्लॅश चिपमध्ये ते लॉग, म्हणजे कामाच्या नोंदी, लिहीत राहायचं, जुनं पुसायचंच नाही. चिप भरली की टाइप-सीचं चार्जिंग, डॉक, कधी एचडीएमआयसुद्धा बंद. प्रोग्रामिंगमधल्या आपोआप आवराआवरीच्या सोयी, पायथनचं ‘विथ’ किंवा सी++चा डिस्ट्रक्टर, इथे उपयोगाच्या नाहीत: त्या उघडलेल्या फाइलचा ताबा सोडतात, लिहिलेला मजकूर तसाच राहतो. रीस्टार्टने रॅम रिकामी होते, फ्लॅश नाही. अशा ठिकाणी जागा आधीच ठरवून जुन्या नोंदींवर नव्या लिहिणारा रिंग बफरच लागतो. लेनोवोने २०१९ मध्ये दुरुस्त फर्मवेअर दिलं. लिनक्सवर ते एफडब्ल्यूअपडी या फर्मवेअर अपडेट करणाऱ्या टूलने टाकता येतं. चिप आधीच भरली असेल तर बहुधा सीएच३४१ए प्रोग्रामरची, म्हणजे चिपवर थेट लिहिणाऱ्या उपकरणाची, क्लिप लावूनच ती नव्याने लिहावी लागते.

म्हणून सेकंडहँड घेताना दोन्ही टाइप-सी पोर्टांत चार्जर लावून बघाच. पोर्ट मदरबोर्डवर सोल्डर केलेले आहेत. एखादा हलत असेल तर काम बोर्डावरचं, स्वस्तात सुटणारं नाही. प्रोसेसर आय५-८२५०यू किंवा ८३५०यू असावा. ७३००यू असलेले टी४८०ही फिरतात, त्यांना विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही. आणि स्क्रीन १३६६ बाय ७६८ ची निघाली तर सरळ परत करा.