५० एमएम एफ १.८ : सर्व्हिसिंगनंतर गेलेला उजवा कोपरा

ही लेन्स दिवाळीपासून वापरतोय, सेकंडहँड, फिल्म बॉडीवर (रोलवाल्या कॅमेऱ्यावर). स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत. मध्यभाग या किमतीत झकासच. पण बुरशी साफ करायला नागपूरला दिली न् परत आली ते फोटोचा उजवा कोपरा पुसट करूनच. दुकानवाला म्हणे, "भाऊ, लेन्सले काही नाही झालं, तुमची फिल्मच तशी असन."

फिल्म टी-मॅक्स १००. तिच्या डेटाशीटवर १०००:१ कॉन्ट्रास्टला (काळ्या-पांढऱ्यातला फरक भरपूर असताना) मिलिमीटरमागे २०० रेघा सुट्या दिसतात असं लिहिलंय, १.६:१ ला (फरक कमी असताना) ६३. म्हणजे फिल्म बारीकच. अन् फिल्म खराब असती तर चारही कोपरे गेले असते ना, एकाच कोपऱ्यावर तिचा काय राग?

मग जिनिंगच्या विटांच्या भिंतीसमोर ट्रायपॉड लावला. भिंतीवर मधोमध आरसा चिकटवायचा, व्ह्यूफाइंडरमध्ये आपलीच लेन्स बरोबर मध्यात दिसली की कॅमेरा सरळ. एक फोटो सरळ, एक कॅमेरा उलटा करून. उलट्यात भिंतीच्या दुसऱ्या टोकाच्या विटा पुसट, म्हणजे भिंत सुटली. त्याच बॉडीवर मित्राची लेन्स लावली, चारही कोपरे स्वच्छ, म्हणजे बॉडीही सुटली. राहिलं कोण? काच परत बसवताना तिरपी बसलीय, दुसरं काय.

तरी आकडा पाहिजेच होता. अमेरिकन एअर फोर्सचा १९५१ चा, लहान-लहान होत जाणाऱ्या रेघांचा चार्ट प्रिंट करून मध्ये न् कोपऱ्यांत लावला, पन्नासपट लहान होईल एवढ्या अंतरावरून, म्हणजे साधारण अडीच मीटर. उन्हाळ्यात टाकीचं पाणी ३५ च्या वर, डेव्हलपर २० वर आणायला बर्फ आणा, हा सगळा खटाटोप एका कोपऱ्यापायी! आठपट लूपमधून (भिंगातून) बारीक रेघा सुट्या दिसत नाहीत, म्हणून शाळेतल्या सरांकडून मायक्रोस्कोप मागून आणला. एफ १.८ ला, म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवून, मध्यात मिलिमीटरमागे ६३ जोड्या (एक काळी न् एक पांढरी रेघ मिळून एक जोडी), उजव्या कोपऱ्यात कशाबशा २८. (२०० ची फिल्म न् ६३ च काहून, असं विचारू नका. लेन्स न् फिल्म दोघांचं नुकसान जमा होतं. दोन्ही १०० च्या धरल्या तरी ढोबळ हिशोबाने हाती ५० च येतात.)

इथपर्यंत विकायचंच ठरवलं होतं. पण एफ ८ ला, तोंड बारीक केल्यावर, तोच कोपरा ५६ वर आला, मध्य ७९. लग्नातले ग्रुप फोटो मी एफ ८ लाच काढतो, अन् पोर्ट्रेटमध्ये कोपरा बघतो कोण? (मी बघतो.) तर राहू दिली. दुकानवाला आता म्हणते पुन्हा खोलून पाहू, पण चार्ज वेगळा. तेवढ्या पैशात माझे दोन रोल येतात. नाही देत.