संपूर्ण ‘नटक्रॅकर’: आन्ताल डोराटी आणि कॉन्सर्टखेबाऊ वाद्यवृंद

रशियन संगीतकार चायकोव्हस्कीचे ‘नटक्रॅकर’ हे बॅले-संगीत बहुतेकांच्या कानावर पडते ते आठ तुकड्यांच्या ‘सुइट’च्या, म्हणजे मैफलीसाठी निवडलेल्या संचाच्या रूपात. ही निवड संगीतकाराने स्वतःच केली आणि डिसेंबर 1892 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की रंगमंचावर बॅले अवतरण्यापूर्वीच ती मैफलीत वाजली. मात्र पहिल्या अंकातील केवळ नांदीवजा ओव्हर्चर आणि ‘मार्च’ (कूचगीत) एवढेच तीत आले, आणि माझ्या मते या संगीतातील सर्वांत समृद्ध भाग बाहेर राहिला. फिलिप्स कंपनीसाठी 1975 मध्ये ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊ वाद्यवृंदाने केलेले संपूर्ण ध्वनिमुद्रण ऐकताना हे प्रकर्षाने जाणवते.

वाद्यवृंद-संचालक आन्ताल डोराटी यांनी 1930 च्या दशकात मॉन्टे कार्लोच्या रशियन बॅलेसाठी काम केले होते. त्यामुळे असेल, पण समोर नर्तक नसतानाही त्यांची लय पावलांना विसरत नाही. ओव्हर्चरमध्ये चेलो आणि डबल बास ही खालच्या स्वरांची तारवाद्ये मुळीच नाहीत. ते हलकेपण येथे तुटक, स्वच्छ वादनाने राखले आहे. पुढे मध्यरात्री नाताळचे झाड वाढू लागते तेव्हा एकच छोटा स्वरसमूह पायरीपायरीने वर चढवीत डोराटी घाई न करता सारा वाद्यवृंद उभा करतात, आणि पितळी वाद्ये पूर्ण जोराने आली तरी खालची तारवाद्ये त्यांच्याखाली दबत नाहीत. हिमकणांच्या वॉल्ट्झमधील शब्दविरहित गायन हार्लेमच्या सेंट बावो कॅथेड्रलच्या मुलांचे आहे. ते दुरून, सभागृहाच्या हवेतून आल्यासारखे ऐकू येते. ही सहा-सात मिनिटे मी सर्वाधिक वेळा ऐकली आहेत.

दुसऱ्या अंकात चेलेस्टा, म्हणजे पियानोसारख्या पट्ट्यांचे पण घंट्यांसारखे किणकिणणारे वाद्य, आहेच. पॅरिसमध्ये हे वाद्य सापडल्यावर रिम्स्की-कॉर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह या समकालीन रशियन संगीतकारांना त्याचा सुगावा लागू नये, अशी ताकीद चायकोव्हस्कीने आपल्या प्रकाशकाला दिली होती. येथे मात्र त्याच्याइतकेच लक्ष मंद्रात उतरणारे बास क्लॅरिनेट हे फुंकवाद्य वेधून घेते. पण खरी कसोटी ‘पा द द्य’च्या, म्हणजे जोडीनृत्याच्या, संथ भागाची. त्याची धून म्हणजे शुद्ध स्वरांचा सरळ अवरोह, सां नि ध प म ग रे सा, याहून अधिक काही नाही; चेलो तो गातात तेव्हा डोराटी त्याला अकारण ओढत नाहीत, आणि म्हणूनच शेवटचा कळस जड वाटत नाही. अरबी नृत्य, जे वस्तुतः जॉर्जियन अंगाईवर आधारलेले आहे, मला किंचित कोरडे वाटले. चिनी नृत्य तर ऐकेपर्यंत संपते.

हळू आणि मोठ्या आवाजांतील अंतर बरेच असल्यामुळे ओव्हर्चरला आवाज वाढवून ठेवल्यास उंदरांच्या लढाईत शेजारी जागे होतील. दोन सीडींचा संच मिळाल्यास तोच घ्यावा. ऑनलाइन ऐकायचे झाल्यास तुकड्यांमधील विराम बंद करावा, अन्यथा पाइनच्या वनातून हिमवर्षावात होणारे अखंड संक्रमण नेमके मध्येच तुटते.