डिचोलीतला जुना डेस्कटॉप, लिनक्स मिंट आणि गेम : सात महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीआधी वाड्यावरची पोरे नरकासुराचा सांगाडा बांधत होती, त्याच आठवड्यात मी घरच्या डेस्कटॉपवरून विंडोज १० काढले आणि लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट मिळवायची सोय होती, पण तिने प्रश्न फक्त वर्षभर पुढे गेला असता. माझा प्रोसेसर आय५-६५००, म्हणजे इंटेलची सहावी पिढी, आणि विंडोज ११ ची अट आठव्या पिढीपासून पुढची. बाकी १६ जीबी रॅम, एसएसडी, म्हापशाहून सेकंडहँड आणलेले आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड. यंत्र ठणठणीत आहे. नव्या पीसीचे कोटेशन मागितले तर पंचावन्न हजारांचे आले. चालते यंत्र भंगारात घालायला माझे मन होईना.

मी गेम खेळणारा माणूस आहे. ऑफिस सुटल्यावर रात्री तास-दीड तास, सुट्टीत जास्त. ‘लिनक्स कामाला ठीक, गेमला नाही’ हे कॉलेजात होतो तेव्हापासून ऐकतोय, आणि २००८ च्या सुमारास स्वतः करूनही पाहिले होते. एक गेम उघडावा म्हणून तीन रात्री जागलो आणि सोडून दिले. त्यामुळे या वेळी ठरवले होते की सहा महिने वापरल्याशिवाय चांगले-वाईट काहीच लिहायचे नाही.

इन्स्टॉल करण्याबद्दल सांगण्यासारखे फार नाही. पेनड्राइव्हवरून मिंट २२.२ आधी नुसते चालवून पाहिले. वायफाय, आवाज, प्रिंटर सगळे दिसले, मग डिस्कवर टाकले. चहा निवेपर्यंत झाले. एएमडीचे कार्ड असेल तर ड्रायव्हर शोधायला कुठे जावे लागत नाही, तो खुला, म्हणजे कोड कोणालाही वाचता-बदलता येतो असा, असल्यामुळे आधीच आत असतो. एनव्हिडियावाल्यांनी ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून वेगळा निवडायचा.

आता गेम. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातल्या माझ्या खात्यात एकसष्ट आहेत. त्यातले चाळीस मी या सात महिन्यांत लावून पाहिले. चौतीस काहीही न करता चालले, चारांना प्रोटॉनची (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या स्टीममधल्या प्रोग्रामची) दुसरी आवृत्ती निवडून द्यावी लागली, दोन उघडलेच नाहीत. हे माझ्या यंत्रावरचे आणि माझ्या आवडीच्या गेमचे गणित आहे. तुमचा गेम चालतो का हे प्रोटॉनडीबी या वेबसाइटवर आधी बघा. तिथे तुमच्यासारखेच कार्ड असलेल्या कोणीतरी लिहून ठेवलेले बहुतेक सापडते.

प्रोटॉन काय करते ते समजून घेतल्यावर मला त्याबद्दल फार आदर वाटू लागला. विंडोजसाठी लिहिलेला गेम ग्राफिक्स कार्डाशी डायरेक्टएक्सच्या भाषेत बोलतो. लिनक्सवर ती भाषा कळणारे कोणी नाही. प्रोटॉनमधला डीएक्सव्हीके नावाचा भाग खेळ चालू असतानाच ती लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कन या भाषेत उतरवतो, आणि विंडोजच्या बाकीच्या मागण्या वाइन हा प्रोग्राम पुऱ्या करतो. वाइनवर १९९३ पासून काम चालू आहे. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्याच पायावर २०१८ च्या ऑगस्टमध्ये प्रोटॉन आणले, आणि २०२२ ला आलेला त्यांचा स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा संगणक याच्याच जोरावर उभा आहे. व्हॉल्व्हने पैसा स्वतःच्या धंद्यासाठी घातला हे उघड आहे. पण कोड खुला असल्यामुळे डेकसाठी झालेली दुरुस्ती डिचोलीतल्या माझ्या दहा वर्षांच्या यंत्रालाही लागू पडली, त्यासाठी मी कोणाची परवानगी मागितली नाही आणि कोणाला पैसे दिले नाहीत. ऑक्टोबर २०२५ च्या स्टीमच्या सर्वेक्षणात लिनक्सवाल्यांचा वाटा पहिल्यांदाच तीन टक्क्यांवर गेला. आकडा लहान आहे, पण २००८ च्या त्या तीन रात्री आठवल्या की मला तो लहान वाटत नाही.

एक गैरसोय नक्की होते. नवा गेम पहिल्यांदा उघडताना शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम, तयार व्हायला वेळ जातो. मोठ्या गेमला माझ्याकडे दहा-बारा मिनिटे लागली, आणि ते अर्ध्यावर टाळले तर सुरुवातीचा अर्धा तास चित्र अडखळते. थांबा, होऊ द्या.

नाताळच्या सुट्टीत मडगावहून भाचा आला. त्याच्या सगळ्या मित्रांचा एकच ऑनलाइन नेमबाजीचा गेम. लावला, लॉबीपर्यंत गेला, आणि बाहेर फेकला गेला. “मामा, हे तुझं लिनक्स चोर समजतंय मला,” म्हणाला. चोर समजत होते ते लिनक्स नव्हे, त्या गेमचे अँटीचीट, म्हणजे फसवणारे खेळाडू पकडणारा प्रोग्राम. ते विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये, बसायला मागते. तिथून संगणकातले सगळे दिसते. फसवणारे खेळाडू खेळाचा विचका करतात आणि त्यांना अडवायलाच हवे, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी घराच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या एका बंद प्रोग्रामच्या हातात द्यायच्या, आणि तो आत काय करतो ते कोणालाही वाचता येऊ नये, हा सौदा मला पटत नाही. काही कंपन्यांनी तर चालू असलेले दार बंद केले. ‘एपेक्स लेजंड्स’ लिनक्सवर व्यवस्थित चालत होता, २०२४ च्या शेवटी तो थांबवला. ‘काउंटर-स्ट्राइक २’ आणि ‘डोटा २’ मात्र थेट लिनक्ससाठी बनलेले आहेत. भाच्याने ते चार दिवस ‘काउंटर-स्ट्राइक’वर काढले, पण त्याचे मित्र तिथे नव्हते, आणि त्या वयात मित्र असणे हाच अर्धा खेळ असतो. ज्यांचे सगळे मैत्र अशा एकाच गेमवर आहे त्यांनी आज मिंटवर येऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन.

मिंट टाकताना कपाट आवरले तेव्हा एक डीव्हीडी हाती लागली, आणि या लेखातले बरेचसे विचार तिथून सुरू झाले. पणजीतल्या एका दुकानातून ९९९ रुपयांना घेतलेला गेम. नोकरीचे पहिले वर्ष होते, पहिल्यांदाच अस्सल प्रत विकत घेतली होती. त्याआधी सायबर कॅफेतल्या पन्नास रुपयांच्या नकली सीडी. ज्यांनी दोन-तीन वर्षे राबून तो खेळ बनवला त्यांना आपण काहीच देत नाही, याची टोचणी कमाई सुरू झाल्यावर लागली. ती डीव्हीडी म्हणजे माझ्या लेखी ते देणे होते. खोका, आतली पुस्तिका, मागे छापलेला पंचवीस अक्षरांचा कोड, सगळे जपून ठेवलेले.

गेम इन्स्टॉल झाला. मग त्याने कोड मागितला, दिला. मग तो कोड तपासायला कंपनीच्या सर्व्हरकडे गेला, आणि तो सर्व्हर कधीच बंद केलेला आहे. विंडोज असलेल्या शेजाऱ्याच्या लॅपटॉपवरही तेच झाले, म्हणजे लिनक्सचा यात दोष नाही. दोनदा ईमेल केले. उत्तर आले की हे उत्पादन आता सपोर्टमध्ये नाही. खेळ तयार करण्याचे काम संपले आहे, डीव्हीडीवर एक ओरखडा नाही, पैसे पूर्ण दिलेले, आणि मला तो खेळता येत नाही. नकली सीडी घेणाऱ्याला मात्र आजही येतो, कारण त्याच्या प्रतीतून ती तपासणीच काढून टाकलेली होती. हे मला फार लागले.

कायदा काय म्हणतो तेही वाचून काढले. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, आणि संगणक प्रोग्राम त्यात साहित्यकृती धरला जातो. कलम ५२ प्रमाणे ज्याच्याकडे कायदेशीर प्रत आहे त्याला ती खराब होण्याच्या भीतीपोटी बॅकअप काढायची मुभा आहे. चांगले कलम आहे. पण माझ्या डीव्हीडीची प्रत काढली तरी तीही त्याच बंद सर्व्हरचे दार वाजवणार. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कुलूप लावणाऱ्याला इतके संरक्षण, मग त्याने धंदा आवरताना किल्ली गिऱ्हाइकाला द्यावी असे बंधन हा कायदा कुठे घालतो का? नाही घालत. साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. तो सर्व्हर दहा वर्षेही टिकला नाही.

माझ्या एकट्याचे हे दुखणे नाही. ‘द क्रू’ नावाचा मोटारींचा गेम २०१४ ला आला, ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले, आणि एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरवरच अवलंबून असल्यामुळे लोकांनी विकत घेतलेला अख्खा गेम गेला. त्यावरून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये तिथल्या नागरिक-पुढाकारावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. सर्व्हर कायमचे चालवा असे कोणी म्हणत नाही. बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा, एवढेच मागणे आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा आहे की जे देता ते फक्त लायसन्स असेल तर ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ हा शब्द वापरायचा नाही. स्टीम आता पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना दाखवते. सूचना मिळाली म्हणून वस्तू माझी होत नाही, पण निदान मी काय घेतो आहे ते तरी कळते. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमचा इन्स्टॉलर उतरवून ठेवता येतो आणि तो नंतर कोणालाही विचारत नाही. नवे गेम मी आता शक्यतो तिथूनच घेतो, हिरोइक नावाच्या खुल्या लाँचरमधून मिंटवर ते नीट चालतात. बाहेरच्या हार्डडिस्कवर त्यांची एक प्रत आहे. दहा वर्षांनी पोराला द्यायची म्हटली तर चालेल.

ऑफिसातले मित्र म्हणतात की तुम्ही ओपन सोर्सवाले कॉपीराइटच्याच विरुद्ध. तसे नाही. जीपीएल हे लायसन्स उभेच कॉपीराइटवर आहे. कोड वापरा, बदला, वाटा, पण बदललेला वाटलात तर त्याचा सोर्सही त्याच अटींवर द्या, ही अट मोडली तर हक्कभंग होतो तो कॉपीराइटचाच. ‘डूम’चे उदाहरण घ्या. १९९३ चा गेम. १९९७ मध्ये कंपनीने त्याचा सोर्स कोड बाहेर दिला, १९९९ मध्ये तो जीपीएलखाली आला. चित्रे, आवाज, नकाशे मात्र अजून त्यांच्या हक्कात आहेत, ते पाहिजेत तर विकत घ्यायचे. तो मान ठेवून लोकांनी ‘फ्रीडूम’ नावाने सगळी चित्रे-आवाज नव्याने बनवले. ‘ओपनटीटीडी’ या जुन्या वाहतुकीच्या गेमच्या खुल्या आवृत्तीचेही तसेच. आधी मूळ गेमच्या फाइली लागायच्या, २०१० च्या १.० आवृत्तीपासून स्वतःची चित्रे आली. कोणाचे काही लुबाडले नाही, आणि तीस वर्षांपूर्वीचा खेळ आज माझा मुलगा खेळतो. आगगाड्यांचे रूळ टाकण्यात त्याचा रविवार जातो. ज्या कंपन्या गेम बंद करतात त्यांनी निदान इंजिन (गेम चालवणारा कोड) असे मोकळे केले तर माझ्यासारख्यांची तक्रारच उरणार नाही.

बाकीच्या अडचणी थोडक्यात सांगतो. ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडाट होऊन वीज गेली ती नेमकी अपडेट चालू असताना, आणि यूपीएसची बॅटरी मेलेली. पुन्हा चालू केल्यावर पॅकेज अर्धवट असल्याचा संदेश. टर्मिनलमध्ये एका ओळीची आज्ञा देऊन सुटले, पण ती ओळ शोधायला मोबाइल लागला. टाइमशिफ्ट (बिघडले तर सिस्टिम आधीच्या अवस्थेत नेणारी सोय) पहिल्याच दिवशी चालू करा. डिजिटल सही करायच्या टोकनने मात्र मला आठवडाभर दमवले, शेवटी ते काम ऑफिसातल्या संगणकावरच करतो.

बायको मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिच्या जुन्या प्रश्नपत्रिका विकतच्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये (कुठल्याही संगणकावर मराठी तशीच दिसावी म्हणून आलेल्या सामायिक पद्धतीच्या आधीच्या) टाइप केलेल्या. मिंटवर उघडल्या तर नुसती रोमन अक्षरे आणि चिन्हे. फाँटची फाइल या संगणकावर टाकायला लायसन्स परवानगी देत नव्हते, तेव्हा तोही मार्ग बंद. पाच वर्षांचे तिचे स्वतःचे लिखाण, आणि ते वाचायला तिलाच दुसऱ्याची परवानगी! कन्व्हर्टरमधून एकेक फाइल युनिकोडमध्ये आणली, जोडाक्षरे हाताने दुरुस्त केली, त्यात जानेवारी गेला. आता ती इन्स्क्रिप्ट कीबोर्डने टाइप करते आणि मुक्ता फाँट वापरते. तो खुल्या लायसन्सचा आहे, त्यामुळे शाळेतल्या बाकीच्या बाईंनाही पेनड्राइव्हवर दिला.

मिंटचे मेनू मराठीत लावले तर बरेच शब्द इंग्रजीतच राहतात. हे भाषांतर लाँचपॅड या वेबसाइटवर कोणीही सुचवू शकते, जाणकार ते तपासून घेतात. मार्चपासून आम्ही दोघे रात्री जेवणानंतर दहा-दहा ओळी करतो. परवा एका सूचनेत मी ‘निष्क्रिय करा’ लिहिले. तिने वाचले आणि म्हणाली, “अहो, तिसरीतल्या मुलाला हे कळेल का? ‘बंद करा’ म्हणा.” मग ‘क्लोज’ला काय म्हणायचे यावर अडले आहे. मिटवा की बंद करा, ते अजून ठरलेले नाही.